चायना रेशीम आणि आमचा हरी

मिरज स्टेशनवर माझे वडील रडले नाहीत, पण गाडी हलेपर्यंत खिडकीचे गज काही सोडेनात. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. लहान रुळांची गाडी, हळदीचे हात, मांडीवर फराळाचा डबा, आणि शेजारी कालपरवा ओळख झालेला नवरा. वडील इचलकरंजीत यंत्रमागांची दुरुस्ती बघणारे जॉबर होते, आयुष्यभर मागांच्या खडखडाटात बोलल्यामुळे त्यांना हळू बोलायची सवयच नव्हती. सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं ते म्हणाले, "मागाच्या आवाजात वाढलीस, रेशमाच्या मशिनीच्या आवाजात चाललीस. झोप तरी लागंल तुला तिथं." आईचं म्हणणं वेगळंच. "बेंगळूर म्हंजे काय परमुलूख हाय व्हय? चिकोडी वलांडली की कर्नाटकच." चिकोडी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. त्यापुढे कर्नाटक केवढं पसरलंय ते तिला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. गाडी संपता संपेना तेव्हा कळलं.

यशवंतपूरला उतरून घ्यायला आला होता माझा दीर, हरी. वयानं माझ्याएवढाच. मी पदर सावरून "भावजी" म्हटलं, तर तो हसत सुटला. "भावजी बेड. हरी म्हणा, सरी? मी तुम्हाला अत्तिगे म्हणणार." बेड म्हणजे नको, सरी म्हणजे बरं आणि अत्तिगे म्हणजे वहिनी, एवढं कन्नड मी स्टेशनच्या पायऱ्या उतरतानाच शिकले. इचलकरंजीच्या माझ्या माणसांनो, तुम्ही मला नेहमी विचारता, तिकडं कशी रमलीस? हरीमुळे रमले. बाकी कुणामुळे नाही. नवऱ्यामुळेसुद्धा नाही, तो बिचारा अबोल. हे त्यांच्यासमोर म्हटलं तरी ते नुसती मान डोलावतात.

आमचं घर कब्बनपेटच्या गल्लीत. ही माणसं मराठी खरी, पण कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेली. सासूबाईंना सगळे अम्मा म्हणत. मी पहिल्या दिवशी देवाला नमस्कार करून उठले तर त्या म्हणाल्या, "ऊट झालं का गं?" मी म्हटलं, "हो, केव्हाच उठले." ऊट म्हणजे जेवण! दुपारपर्यंत मला कुणी जेवायला वाढलं नाही आणि हरी हे पुढे वर्षभर गल्लीत सांगत फिरला. सासरे पूर्वीच गेले होते. पुढच्या लांब खोलीत त्यांनी बसवलेली मशिनं होती, कच्च्या रेशमाला पीळ देणारी. रामनगरच्या बाजूनं लडी यायच्या, आम्ही बॉबिनवर भरायचं, दोन-तीन धागे एकत्र करायचे, पीळ द्यायचा आणि विणकरांना परत पाठवायचं. आमचे हे आणि हरी मशिनं बघायचे. अम्मा आणि मी तुटलेले धागे जोडत बसायचो. हरीची बायको वत्सला माझ्यामागून सहाच महिन्यांत आली, तुमकूरकडची, सडपातळ आणि हट्टी. ती मला अक्का म्हणू लागली आणि अम्मांच्या नजरेआड आम्ही तिघं मिळून काय काय खिदळायचो!

आमच्या धंद्यात एक रीत होती. ज्यानं मशिनवर धागा चढवला त्यानंच तो उतरवायचा, मध्ये दुसऱ्यानं हात लावायचा नाही. पीळ सगळीकडे सारखा पडायचा तर हात एकच हवा, असं कारण सांगत. खरं की खोटं देव जाणे. इचलकरंजीत एका मागावर तीन पाळ्यांची तीन माणसं. मी हसले होते. अम्मा हसल्या नाहीत.

आता चायना रेशमाचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय हरीचं सांगता येत नाही. आपला धागा कुठं जाड, कुठं बारीक, वरचेवर तुटणारा. चीनचा धागा एकसारखा. विणकर त्याच्यासाठी जीव टाकायचे. पण तो उघडपणे आणायचा तर सरकारी परवाना, आणि वर भरमसाठ ड्यूटी, म्हणजे जकात. जकात म्हणजे मला गावाच्या वेशीवरचा नाका माहीत होता, जिथं ट्रक रांगेत उभे राहतात आणि ड्रायव्हर चहा पितात. "अत्तिगे, तसाच नाका देशालाही असतो," हरी म्हणाला. "पण नेपाळच्या बाजूला वेस नुसती नावाला." चीनचं रेशीम नेपाळात यायचं, आणि नेपाळातून माणसांच्या अंगावर, वळकटीत, रजईच्या पोटात इकडं. जाण्यायेण्याला पासपोर्ट लागत नाही. आमच्या पेठेतल्या एका व्यापाऱ्यानं अशी माणसं ठेवली होती. आमच्या मशिनांना काम तोच द्यायचा. त्यानं हरीला विचारलं, आणि हरी गेला.

चोरीचं काम, हे सगळ्यांना माहीत होतं. पण पेठेत त्याला चोरी कुणी म्हणत नसे, "नेपाळला जाणं" म्हणत. तीर्थयात्रेला गेल्यासारखं लोक विचारायचे, "हरी नेपाळहून आला का?" आणि तो यायचाही. पहिल्या खेपेला दाबलं की फटकन उघडणारी छत्री आणली. नंतर चहा दिवसभर गरम राहील असा थर्मास, वत्सलेला मोरपंखी स्वेटर. बेंगळूरच्या थंडीला एवढा जाड स्वेटर काय करायचा? पण ती घालून बसायची, घामाघूम. अम्मा म्हणायच्या, "पुरे आता, स्वल्प घरात बस." तो म्हणायचा, "एकदाच, अम्मा. मग मशिन बदलू."

शेवटच्या खेपेला तो दुपारी निघाला. गौरीच्या आधीचे दिवस होते. मागच्या मशिनवर त्यानं सकाळीच धागा चढवला होता, आणि निम्मा पीळ झाल्यावर मशिन बंद करून तो हात पुसत स्वयंपाकघरात आला. "आल्यावर उरलेलं करतो," म्हणाला. मी भाकऱ्या बांधून दिल्या, ज्वारीच्या, आमच्याकडच्या. बाकी काहीच घडलं नाही. मला अजूनही वाटतं की काहीतरी घडायला हवं होतं, पाल चुकचुकायला हवी होती, दिवा विझायला हवा होता. मेलं काहीसुद्धा झालं नाही. तो गल्लीच्या टोकाला वळला आणि गेला.

गौरी आल्या, गेल्या. दसरा झाला. त्याच्याबरोबर गेलेला माणूस परत आला, तो सांगू लागला की काठमांडूत वेगळे झालो, मला वाटलं हरी पुढं आला असेल. व्यापाऱ्यानं हात वर केले. पोलिसांत काय सांगायचं? आमचा भाऊ चोरटा माल आणायला गेला होता, असं? शेवटी आमचे हे स्वतः गेले, बिहारच्या टोकाला रक्सौलपर्यंत रेल्वेनं, आणि सरहद्दीचा पूल पायी ओलांडून पुढं काठमांडूला. हिंदी मोडकंतोडकं, खिशात हरीचा लग्नातला फोटो. धर्मशाळा पाहिल्या, इस्पितळं पाहिली, चहाच्या टपऱ्यांवर फोटो दाखवला. परत आले ते दाढी वाढवून. उंबऱ्यात बसूनच म्हणाले, "अम्मा, तिथं पुलावर कुणी कुणाला विचारतच नाही. रिक्षा जातात, टांगे जातात, माणसं जातात. कोण गेला, कोण आला, कुठंच लिहून ठेवत नाहीत."

अम्मांनी पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यापुढं ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे येतानाही कुणी अडवणार नाही. सरी."

त्या दिवसापासून आमच्या घरात हरी होताही आणि नव्हताही. मागच्या मशिनवर त्याचा निम्मा पिळलेला धागा तसाच. अम्मांनी कुणाला हात लावू दिला नाही. काम वाढलं तेव्हा आमचे हे एकदा चिडले, "अम्मा, एक मशिन फुकट अडून बसलंय!" त्या म्हणाल्या, "ज्याचं त्यानं उतरवायचं." बाकीची मशिनं घरघरत आणि ते एक मुकं. मी त्याच्यावरची धूळसुद्धा पदरानं झटकायला घाबरायची. कधी भाजी आणायला जावं तर गर्दीत पुढं चालणारी पाठ हरीची वाटे. दोनदा मी परक्या माणसाच्या पाठीमागं अव्हेन्यू रोडभर चालत गेलेय. वळून त्यानं माझ्याकडं पाहिलं की लाजेनं मेल्यासारखं व्हायचं, आणि तरीही पुढच्या वेळी पाय आपोआप वळायचे.

आणि मग ड्यूटी उतरली. एकदम नाही, पायरीपायरीनं, दर बजेटनंतर थोडी थोडी. परवान्याची कटकटही सैल झाली. पेठेत चायना रेशीम उघड्यावर आलं, आधी कच्चं, मग पीळ दिलेलं तयार. चिकपेटच्या दुकानांत लडी टांगलेल्या असायच्या, पांढऱ्याशुभ्र, आणि गिऱ्हाईक हात लावून बघायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दुकानाच्या पायरीवरच बसले. दुकानदार म्हणाला, "याकक्का? नीर बेका?" काय झालं अक्का, पाणी पाहिजे का, विचारत होता. मला पाणी नको होतं. ज्याच्यासाठी आमचं माणूस रजईत धागे शिवून रात्रंदिवस प्रवास करत होतं, ते इथं उन्हात टांगलेलं होतं आणि कुणी त्याची चोरीही करत नव्हतं. दोन-तीन वर्षं थांबला असता तर? अहो, नुसती दोन-तीन वर्षं! एवढंच माझ्या डोक्यात घणासारखं बसत होतं.

विणकरांच्या घरी मात्र आनंद. आमच्या मागच्या बोळातल्या विणकरीणबाईनं मला हाताला धरून सांगितलं, "आता धागा तुटत नाही गं, पोरं दोन घास जास्त खातात." तिचं खोटं नव्हतं. रेशमी साड्याही स्वस्त झाल्या. आईनं इचलकरंजीहून निरोप पाठवला, बेंगळूरची रेशमी साडी म्हणे आता परवडते, येताना एक आण. मी घेऊन गेले. आईनं घडी मोडली, गालाला लावली, आणि म्हणाली, "एवढी मऊ अन् एवढी स्वस्त, कसं काय गं?" मी काय सांगणार होते तिला? मी म्हटलं, "आता तसंच असतं."

तयार पीळ दिलेला धागा दुकानात मिळू लागल्यावर आमच्याकडं कोण येणार? एकेक मशिन बंद पडलं. पेठेतली पीळवाली घरं पाठोपाठ मुकी झाली. कुणी रिक्षा चालवू लागलं, कुणी शहराबाहेर पीण्या नावाच्या वसाहतीतल्या कारखान्यात रोजावर गेलं. आमच्या ह्यांना नोकरी मिळाली ती चायना रेशमाच्या दुकानात, लडी तोलून द्यायची. संध्याकाळी घरी आले की ते आधी हात धुवायचे, साबणानं, कोपरापर्यंत. मी कधी विचारलं नाही. मशिनं भंगारवाल्याला दिली, पण मागचं एक राहिलं. भंगारवाला म्हणाला, "अम्मा, हेही द्या, भाव चांगला देतो." अम्मांनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो तराजू उचलून चालता झाला.

या सगळ्यात वत्सलेचं काय? तिचं वय बघा, जेमतेम पंचविशीची. सवाष्ण म्हणावी तर नवऱ्याचा पत्ता नाही, विधवा म्हणावी तर म्हणणार कोण? श्रावणात वरमहालक्ष्मीच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका मला बोलवायच्या आणि तिच्या वेळी घुटमळायच्या. एका वर्षी तर शेजारीण आमच्या दारात मला बोलावून तशीच मागं फिरली, वत्सला समोर उभी असताना. माझं टाळकं सरकलं. मी तिच्या घरी गेले आणि सगळ्यांच्या देखत म्हटलं, "माझ्या जावेला कुंकू नाही तर मलाही नको. ठेवा तुमच्या वाटीत." इचलकरंजीची जीभ आहे, उगाच नाही. पण वत्सला घरी रडत नव्हती, स्वेटर घालून भिंतीला टेकून बसली होती, भर दुपारी. "अक्का," ती म्हणाली, "मला कुठंतरी जायचंय."

मैसूर रोडवरच्या एका कपड्यांच्या कारखान्यात ती शिवायला लागली. परदेशात जाणारे शर्ट. वत्सला दिवसभर कॉलर लावायची. हात चांगला होता. तिथूनच मग मॉरिशसची बातमी आली. त्या बेटावर शिवलेले कपडे म्हणे युरोपात बिनजकातीचे जातात, म्हणून तिथं कारखानेच कारखाने, आणि शिवायला माणसं कमी. इथून बायका न्यायला दलाल आला होता, पासपोर्टबिसपोर्ट सगळं रीतसर. वत्सलेनं मला सांगितलं, अम्मांना सांगायचा धीर होईना. जकातीपायी या घरातून एकजण गेला होता, आता तिच्याचपायी दुसरी निघाली होती.

नातेवाईक जमले. अम्मांच्या दिरांनी तोडगा काढला, आधी हरीचं उरकून घ्या. माणूस सापडत नसला की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, तसं. "म्हणजे ही मोकळी होईल. विधवा बाई कामाला गेली तर लोक समजून घेतात. नवरा बेपत्ता असलेली सवाष्ण समुद्रापलीकडं गेली तर काय म्हणतील?" वत्सला कधी मोठ्यांसमोर बोलली नव्हती. त्या दिवशी म्हणाली, "मी त्यांना जाळून जाणार नाही. त्यापेक्षा जातच नाही." आणि आत निघून गेली. मला दोन्ही बाजूंनी राग येत होता. पोरीचं सगळं आयुष्य एका मुक्या मशिनशेजारी सडणार, की अम्मांच्या मुलाला पानांत बांधून पेटवणार? तिसरं काही दिसतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मांनी मला नारळ, तांदूळ, खण काढायला सांगितलं. मला वाटलं देवीला जायचंय. त्यांनी वत्सलेला हाक मारली, पाटावर बसवलं, आणि दार सताड उघडं ठेवून, गल्लीला दिसेल असं, तिची ओटी भरू लागल्या. अम्मा विधवा. आमच्याकडं विधवेनं ओटी भरायची नाही, सावलीसुद्धा पडू द्यायची नाही. मी पुढं झाले, "अम्मा, मी भरते." त्यांनी माझा हात बाजूला केला. समोरच्या घरातल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. अम्मांनी स्वतःच्या हातानं वत्सलेला कुंकू लावलं. सासरी निघालेल्या लेकीची पाठवणी करतात, तशी सुनेची पाठवणी केली, सासूनं, सासरच्याच घरातून.

वत्सलेला हुंदका आवरेना. "अम्मा, मी गेल्यावर ते आले तर?"

"वाट बघायचं काम माझं," अम्मा म्हणाल्या. "तू तुझ्या कामाला जा."

ती गेली. पहिली दोन वर्षं तिचे फोन यायचे, कोपऱ्यावरच्या दुकानात, ठरल्या रविवारी. अम्मा आणि मी नटूनथटून जायचो, जसं काही तिला दिसणारच आहे. "अक्का, इथंही मराठी माणसं आहेत गं! गणपती बसवतात, आरती म्हणतात आणि बोलतात मात्र फ्रेंचसारखं काहीतरी." ती हसायची. तिचं हसू ऐकलं की मला हरी आठवायचा, आणि मग वाटायचं, आपण हिच्या हसण्याला नजर लावतोय.

मग एका रविवारी ती हसली नाही. तिनं मला सांगितलं की तिथलेच एक गृहस्थ आहेत, आपल्यातलेच, बायको वारलेली, त्यांनी विचारलंय. "मी नाहीच म्हणणार आहे, अक्का. फक्त तुझ्या कानावर घातलं." पण माझा चेहरा वाचायला अम्मांना वेळ लागला नाही. त्यांनी रिसीव्हर माझ्या हातातून घेतला. दुकानात गिऱ्हाइकं होती, कुणी पानं मागत होतं, कुणी काडेपेटी. अम्मा ऐकत राहिल्या. फोनचं यंत्र पैसे मोजत होतं तिकडं, समुद्रापार. शेवटी अम्मा म्हणाल्या, "कर. हरी आला तर मी सांगीन त्याला."

रिसीव्हर ठेवून त्या तशाच चालू लागल्या. गल्लीत शिरल्यावर माझा दंड धरला, इतका घट्ट की वळ उठले. घरी आल्यावर थेट मागच्या मशिनपाशी गेल्या. मी दारातच थांबले. त्यांनी धाग्याला हात लावला नाही. नुसत्या बसून राहिल्या, जेवणाची वेळ टळली तरी.

आता अम्मा नाहीत. माझा मुलगा मारतहळ्ळीला, रिंग रोडवर, फ्लॅट घेऊन राहतो. गल्लीतली जुनी घरं पाडून लोक दुकानं बांधतायत, आम्हालाही विचारणारे येतात. मुलगा म्हणतो, "आई, या अंधाऱ्या खोलीत काय आहे तुझं? तू तर इथली नव्हेसच, इचलकरंजीची." खरंच आहे ते. आमचे हे सोडले तर इथले सगळे गेले, कुणी वर, कुणी समुद्रापार, कुणी रिंग रोडला, आणि परगावाहून आलेली मी तेवढी चावी कमरेला लावून बसलेय. माहेरी गेले की चार दिवसांत मला इथली ओढ लागते. तुम्ही चिडवता, पक्की कानडी झाली म्हणून. चिडवा. वत्सले, तूही फोनवर सांगतेस, अक्का, सोड आता ते घर. तुझी मुलं मोठी झाली, तू सुखात आहेस, याचा मला खरंच आनंद आहे, कुलदेवीची शपथ.

पण अम्मा त्या दिवशी फोनवर जे कबूल करून बसल्या, ते करायला आता माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. आमचे हे सांगणार नाहीत, ते नुसती मान डोलावतील. तेव्हा मीच राहणार. म्हातारा झाला असेल तो, केस पिकले असतील, दारात उभा राहून अत्तिगे म्हणेल. आधी हातपाय धुवायला पाणी देईन, पान वाढीन, पोटभर जेवू घालीन. मग सांगीन.